मटक्यात दिवसाला दोन आकडे, मोबाइलवर तासाला शंभर डाव

मुंबईच्या मटक्यात दिवसाला दोनच आकडे फुटायचे, ओपन आणि क्लोज. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, यावर मुंबईत पैसे लागायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं आणि चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढायची पद्धत आली. धंद्याला नाव मिळालं ते त्यावरून. एक रुपयाचा एकेरी आकडा लागला तर साधारण नऊ रुपये मिळायचे. आकडे दहा आणि मिळकत नऊ, म्हणजे रुपयामागे सरासरी दहा पैसे धंदेवाल्याच्या खिशात.

मोबाइलवरच्या विमानाच्या खेळात, म्हणजे पडद्यावरचं विमान गायब व्हायच्या आत पैसे काढून घ्यायच्या जुगारात, चालक (खेळ चालवणारा) रुपयामागे साधारण तीनच पैसे ठेवतो. कागदावर बघितलं तर हा जुगार मटक्याहून स्वस्त. तरी घरं बुडण्याचा वेग आज कितीतरी जास्त आहे. हे कोडं सुटलं की ऑनलाइन जुगार बऱ्यापैकी समजतो.

जुगारात माणूस किती हरणार हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं. एका डावाला लावलेली रक्कम, त्यातला चालकाचा कट आणि डावांची संख्या. मटक्यात रोज ओपनला २० आणि क्लोजला २० रुपये लावणारा माणूस सरासरी दिवसाला ४ रुपये हरतो. तोच माणूस तेच २० रुपये विमानावर लावतो. अर्ध्या मिनिटाला एक डाव धरला तर तासाला १२० डाव, उलाढाल २,४०० रुपये, त्याचे तीन टक्के म्हणजे ७२ रुपये. डाव १०० रुपयांचा केला तर तासाला ३६०. रात्री जेवल्यावर दोन तास असं महिनाभर चाललं तर २१,६०० रुपये. बऱ्याच घरांत एवढा पगारच येतो.

"९७ टक्के पैसे परत" ही पाटी खोटी नसते, पण वाचणारा तिचा अर्थ चुकीचा लावतो. हजार भरले तर ९७० परत येतील, असा तो अर्थ नाही. दर डावात लावलेल्या रकमेचे सरासरी ९७ टक्के परत येतात, आणि परत आलेले पैसे माणूस पुन्हा लावतो. त्यातून पुन्हा तीन टक्के जातात. सरासरी ३३,००० रुपयांची उलाढाल झाली की भरलेले हजार संपतात. शंभरच्या डावांनी ही उलाढाल व्हायला तीन तासही लागत नाहीत.

मधला अडसर कसा गेला

मटक्याला आकडा लावायचा तर उठून चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे जावं लागायचं, खिशातून रोख काढावी लागायची आणि निकालाची तासन्‌तास वाट बघावी लागायची. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोत जायला आजही होडीत बसावं लागतं. हे चालणं, थांबणं, नोटा मोजणं म्हणजे मधला अडसर. हरलेला माणूस भानावर यायला तेवढा वेळ पुरायचा.

भारतात हा अडसर २०१६ मध्ये दोन बाजूंनी निघाला. त्या वर्षी यूपीआय सुरू झालं आणि सप्टेंबरमध्ये जिओ आल्यावर डेटाचे दर कोसळले. नोव्हेंबरच्या नोटाबंदीने लोकांना फोनवरून पैसे द्यायची सवय लावली. कोट्यवधी लोकांनी संगणक कधी वापरला नव्हता, क्रेडिट कार्ड हातात धरलं नव्हतं. त्यांची बँक, बाजार, करमणूक सगळं एकदमच एका पडद्यावर आलं. भाजीवाल्याला पैसे द्यायचं बटण आणि जुगारात पैसे भरायचं बटण एकच झालं. केनियातही क्रम असाच होता. तिथे २००७ मध्ये एम-पेसा आलं, साध्या फोनवरून पैसे पाठवता येऊ लागले, आणि काही वर्षांनी फुटबॉलवरची बेटिंग त्याच वाटेने घराघरांत शिरली. पैशांची नळी आधी पोचते आणि जुगार मागाहून तिला तोटी लावतो.

यात एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. कार्डाने पैसे देताना घेणाऱ्या धंद्याला एक वर्गवारी क्रमांक असतो. बेटिंगचा ७९९५. बँकेला तो दिसतो, त्यामुळे ती व्यवहार अडवू शकते. यूपीआयवर एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्या माणसाच्या खात्यात पैसे गेले की बँकेला दोन नावं आणि रक्कम एवढंच दिसतं. भाडं दिलं, उसने परत केले की विमानावर लावले, हे त्या नोंदीवरून कळत नाही. अख्खा बेकायदा धंदा या फटीत उभा आहे.

विमान, रंग आणि दुपटीचा हिशोब

विमानाच्या खेळात पडद्यावर विमान उडतं आणि आकडा १.०० पासून वाढत जातो. ते कधीही गायब होतं. त्याआधी बटण दाबलं तर तेवढ्या पट पैसे, नाहीतर शून्य. गणित असं असतं: आकडा अमुक पटीपर्यंत पोचण्याची शक्यता म्हणजे ०.९७ भागिले ती पट. दुपटीपर्यंत ४८.५ टक्के, दहापटीपर्यंत ९.७ टक्के, शंभरपटीपर्यंत एक टक्क्याहून किंचित कमी. कुठेही बटण दाबा, सरासरी परतावा ९७ पैसेच येतो. "मी लवकर उतरतो म्हणून मला धोका नाही" असं खेळणाऱ्याला मनापासून वाटतं. पण लवकर उतरल्याने चढउतार तेवढे कमी होतात, कट तोच राहतो.

बटण स्वतःच्या हाती असल्यामुळे कौशल्याचा भास होतो. २.४० वर उतरलो आणि विमान २.५५ वर गेलं, म्हणजे आपल्याला जमतंय. १.९० वर गेलं, म्हणजे थोडक्यात हुकलं. प्रत्यक्षात विमान किती वर जाणार हे ते उडायच्या आधीच ठरलेलं असतं. चांगल्या चालकाकडे तो आकडा सर्व्हरची एक गुप्त संख्या आणि खेळाडूंकडच्या संख्या यांच्यापासून बनतो आणि डाव संपल्यावर पडताळता येतो. म्हणून टेलिग्रामवर "पुढचा आकडा आधी सांगणारं ॲप" म्हणून जे विकतात ती शुद्ध फसवणूक आहे. बऱ्याचदा ते ॲप बसवायची एपीके फाइल एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी उचलते. नकली साइटवर तर पडताळणीचीही सोय नसते. तिथे विमान कधी पडणार हे मागे बसलेला माणूस ठरवू शकतो.

रंग ओळखायच्या खेळाची नेहमीची पाटी बघा. ० ते ९ आकडे. हिरव्यावर लावलं आणि १, ३, ७, ९ आले तर दुप्पट, ५ आला तर दीडपट. लावलेल्या रकमेतून दोन टक्के सेवाशुल्क आधीच कापतात. दहापैकी चार वेळा २ आणि एकदा १.५, म्हणजे सरासरी ०.९५. त्यातून शुल्क गेलं की ०.९३. शंभरामागे जवळजवळ सात रुपये गेले, तेही चालक प्रामाणिक असेल तर. कोणत्या रंगावर जास्त पैसे आहेत हे त्याला निकालाआधी दिसत असतं. शिवाय हे खेळ साखळीने पसरतात. मित्राला आणलं की त्याच्या डावांवर कमिशन मिळतं, म्हणून हरलेला माणूसही गावातल्या चौघांना ओढतो.

आता दुपटीची युक्ती. ही जवळजवळ प्रत्येक खेळाडूला कोणीतरी शिकवतं. शंभर लावा, हरलात तर दोनशे, मग चारशे. कधीतरी जिंकालच, तेव्हा मागचं सगळं भरून वर शंभर सुटतील. खरंच तसं होतं आणि म्हणूनच ही युक्ती घातक आहे. दुपटीवर उतरायचं ठरवलं तर एक डाव हरण्याची शक्यता ५१.५ टक्के. सलग सात हरण्याची जवळपास एक टक्का. १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४०० मिळून १२,७०० रुपये गेले आणि आठव्या डावाला १२,८०० हवेत. एक टक्का ऐकायला कमी वाटतो, पण प्रत्येक जिंकलेल्या डावानंतर मालिका नव्याने सुरू होते. तासाला १२० डाव झाले तर अशा सुमारे ५८ मालिका होतात. दोन तासांत सलग सात हारी निदान एकदा येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश. तासभर शंभर-शंभर मिळत राहतात, माणूस बायकोला सांगतो की पद्धत सापडली, आणि मग एका मालिकेत साडेबारा हजार जातात.

क्रिकेटचं थोडक्यात सांगतो. दोन्ही संघांना १.९० भाव असेल, म्हणजे जिंकल्यावर रुपयाचे १.९० मिळत असतील, तर दोन्ही बाजूंना सारखे पैसे लावणाऱ्याचे शंभरातले पाच जातात. सामन्याच्या निकालावर लावणं हा त्यातला संथ प्रकार. खरी धुमश्चक्री सेशनवर (ठरावीक षटकांत किती धावा होतील यावर) आणि पुढच्या चेंडूवर चालते, कारण तिथे डाव दर मिनिटाला लागतो.

बोनसचं गणित सहसा कोणी करत नाही. हजार भरा, हजार बोनस, अट एवढीच की बोनसच्या तीसपट खेळा. म्हणजे ३०,००० रुपयांची उलाढाल. तीन टक्के कटाने सरासरी ९०० रुपये जातात, चार टक्के असेल तर १,२००. बोनस बहुतेक वेळा काढता येण्याआधीच खेळात विरून जातो.

पैसे जातात कुठे

बेकायदा साइटवर खेळायला बहुतेकदा व्हॉट्सॲपवरून "आयडी" (खेळायचं खातं) मिळते. पैसे भरायला गेलं की पडद्यावर क्यूआर कोड किंवा यूपीआय आयडी येते, शेजारी पाच-दहा मिनिटांचं घड्याळ उलटं चालू असतं. पैसे पाठवायचे, पावतीवरचा बारा आकडी यूटीआर क्रमांक साइटवर टाकायचा, की खात्यात नाणी जमा. पुढच्या वेळी क्यूआर वेगळा आणि नाव वेगळं. ही खाती भाड्याची असतात. महिन्याला काही हजार देऊन विद्यार्थ्यांची, मजुरांची, नव्याने उघडलेली खाती घेतात, सोबत सिमकार्ड आणि एटीएम कार्डही. एका खात्यात पैसे आले की काही मिनिटांत ते आणखी तीन-चार खात्यांत फुटतात.

महादेव या बेटिंग ॲपच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने मांडलेली रचना अशीच होती. मुख्य कार्यालय संयुक्त अरब अमिरातीत, भारतात ओळखीच्या लोकांना दिलेली "पॅनल" (शाखा), आणि नफ्याची ७०-३० वाटणी. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये हे ॲप आणि आणखी एकवीस ॲप-संकेतस्थळं बंद केली. पण पत्ता बंद केल्यावर नावात एखादा अंक बदलून नवा पत्ता सुरू करायला अशा चालकांना फार वेळ लागत नाही.

जिंकणाऱ्यालाही धोका असतो, आणि हा लोकांना अजिबात ठाऊक नसतो. जिंकलेले पैसे येतात ते अशाच एखाद्या भाड्याच्या खात्यातून. त्या खात्याविरुद्ध दुसऱ्या राज्यात फसवणुकीची तक्रार झाली की सायबर पोलीस पैशांचा माग काढतात आणि वाटेतली खाती गोठू शकतात. दोन हजार जिंकल्यामुळे पगाराचं खातं अडकू शकतं आणि सोडवायला परराज्यातल्या तपास अधिकाऱ्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. खातं भाड्याने दिलेल्या मुलाचं काय होतं? तो थेट आरोपी होतो. कॉलेजच्या पोरांना ही गोष्ट कोणीतरी ठणकावून सांगायला हवी.

कायदा

महाराष्ट्रातला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. तो जुगाराच्या अड्ड्याभोवती रचलेला, म्हणजे खोली, टेबल, जप्त केलेली रोख. फोनला खोली नसते. त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ पासून कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद केला आणि १९६८ मध्ये रमीला कौशल्याच्या बाजूला ठेवलं. त्या आधारावर पैशांची रमी आणि फँटसी क्रिकेट मोठे उद्योग झाले. माझ्या मते हा भेद घराच्या दृष्टीने कधीच पुरेसा नव्हता. रमीत कौशल्य आहे हे खरं, पण प्रत्येक टेबलावर कंपनीचा कट असेल आणि रात्री तीन वाजताही समोर नवा भिडू तयार असेल, तर हरण्याचा वेग कौशल्याने फारसा कमी होत नाही.

एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस लागला, ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. नोंदणीकृत कंपन्यांना हा भार बसला, परदेशी बेकायदा साइटना नाही. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात ई-स्पर्धा आणि पैसे न लावता खेळायचे खेळ वेगळे काढले आणि पैशांचे सगळे खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने तेव्हा दिला. ड्रीम११ या फँटसी क्रिकेटच्या कंपनीने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नाव गेलं. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

खेळणाऱ्याला शिक्षा नाही हा या कायद्यातला सर्वांत शहाणा भाग आहे. नाहीतर फसलेला माणूस तक्रार करायलाच घाबरला असता. एक जुनं कलमही लक्षात ठेवावं. करार कायदा १८७२, कलम ३०. पैजेचा करार रद्दबातल असतो. साइटने जिंकलेले पैसे दिले नाहीत तर दावा लावून ते वसूल होत नाहीत, आणि बुकीलाही तुमच्याकडची पैजेची बाकी कोर्टातून मिळवता येत नाही.

घरात कळलं तर

आधी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. जुगाराचा ठसा ओळखायला सोपा असतो. ५००, १,०००, २,००० अशा गोल रकमा. घेणारी नावं दर वेळी वेगळी आणि अनोळखी. एकाच तासात पाच-सहा व्यवहार, बहुतेक रात्री अकरानंतर. पगाराच्या दिवशी गर्दी, महिनाअखेरीस शांतता. मग एखाद्या दिवशी बाहेरून आठ-दहा हजार जमा होतात आणि तासाभरात निघून जातात. ते बहुतेक वेळा कर्ज ॲपचे असतात. घरातला माणूस एवढंच कर्ज आहे म्हणतो तेव्हा तो सहसा अर्धंच सांगतो, फसवायला म्हणून नव्हे, लाजेपोटी. म्हणून क्रेडिट अहवाल काढावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो आणि बँका-वित्तसंस्थांची कर्जं त्यात दिसतात. मित्रांकडचे उसने आणि सावकाराचे पैसे मात्र त्यात नसतात, ते विचारावेच लागतात.

सर्वांत मोठी चूक होते ती इथे. वडील फंडातले किंवा जमीन गहाण ठेवून आणलेले पैसे देतात आणि सगळं कर्ज एका दिवसात फेडतात. डोक्यावरचं ओझं गेलं, फोन मात्र हातात तसाच. गेलेले पैसे परत मिळवायची ओढ हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे आणि ती कर्ज फिटल्याने जात नाही. म्हणून क्रम उलटा हवा. आधी पैशांची वाट बंद करायची: पगार घरातल्या दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखालच्या खात्यात वळवायचा, फोनवरचं यूपीआय काढायचं किंवा बँकेच्या ॲपमधून दिवसाची मर्यादा दोन-तीनशेवर आणायची, क्रेडिट कार्ड बंद करायचं, आयडी देणारे व्हॉट्सॲप नंबर आणि टेलिग्राम गट घरच्यांसमोर काढून टाकायचे. मग ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांची यादी करून हप्ते बांधायचे, आणि हप्ता थेट त्यांनाच द्यायचा, खेळणाऱ्याच्या हातात नाही.

साइटने पैसे अडकवले असतील, "पैसे काढायला आधी कर भरा" असं सांगत असतील, तर एक रुपयाही पुढे पाठवू नका. खरा टीडीएस जिंकलेल्या रकमेतून कापला जातो, तो वेगळा भरायला लावत नाहीत. १९३० वर फोन करा किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. हाताशी यूटीआर क्रमांक, यूपीआय आयडी, तारीख-वेळ आणि चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा. पहिले काही तास मोलाचे असतात, पैसे पुढच्या खात्यांत फुटण्याआधी अडवता आले तर तेव्हाच. नंतर "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो" असे फोन येतील. ती दुसरी टोळी असते किंवा तीच.

जुगाराचं व्यसन ही जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत नोंदवलेली व्याधी आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ त्यावर उपचार करतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. खेळणारा तयार नसेल तर घरच्यांनी एकट्याने फोन केला तरी चालतो. हरलेल्या रात्री माणूस गप्प गप्प असेल, देणी किती हे सांगत नसेल, "मी नसलो तर सुटाल" असं काही बोलला असेल, तर स्टेटमेंट आणि हिशोब बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि हा फोन आधी करा.